मथळा आधी लागला

बुधवार, २९ जुलै २०१५. दुपारी सव्वाचार

माझी ड्यूटी सहाची. तरी सव्वाचारलाच ऑफिसात येऊन टीव्हीसमोर बसलो होतो. खालची पट्टी फिरत होती: मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्या. दीपक मिश्रा, न्या. प्रफुल्ल पंत आणि न्या. अमिताव रॉय यांचं खंडपीठ, तिघांचं एकमत.

आदल्या दिवशी दोघांचं खंडपीठ होतं आणि त्या दोघांचे निकाल दोन दिशांना गेले होते. न्या. अनिल दवे यांनी मनुस्मृतीचा दाखला देत याचिका फेटाळली. न्या. कुरियन जोसेफ यांनी, क्युरेटिव्ह याचिका ज्या रीतीने निकालात काढली तीच नियमाला धरून नव्हती, असं म्हणत फाशीला स्थगिती दिली. एकाच बाकावरच्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाच्या मते हा माणूस गुरुवारी सकाळी मरणार होता, दुसऱ्याच्या मते नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिघे बसले.

वॉरंटवर तारीख होती ३० जुलै, वेळ सकाळी ७, स्थळ नागपूर मध्यवर्ती कारागृह. स्थळ आमच्या ऑफिसपासून स्कूटरने दहा मिनिटांवर. वर्धा रोडने जाता-येता ती भिंत रोज दिसते. दिसते म्हणजे दिसतही नाही, इतकी सवयीची. १९८४ नंतर त्या भिंतीआड कुणाला फाशी झाली नव्हती. मी नोकरीला लागल्यापासून तर नाहीच.

संध्याकाळी सात

पान एकची आखणी. त्या आठवड्यात पान एकवर जागा कमी आणि मृत्यू जास्त, अशी गत होती. सोमवारी पहाटे पंजाबात दीनानगरच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. त्याच संध्याकाळी शिलाँगला व्याख्यान देता देता डॉ. कलाम गेले. आज त्यांचं पार्थिव रामेश्वरमला नेलं होतं, दफन उद्या. आणि उद्याच याकूब.

संपादकांच्या खोलीत वाद एवढाच की वर कोण आणि खाली कोण. एका तरुण उपसंपादकाने विचारलं, "एका पानावर दोघं शोभतील का?" कुणी हसलं नाही. मला मात्र वाटलं, शोभतील. राष्ट्रपती असताना कलामांनीच धनंजय चॅटर्जीचा दयेचा अर्ज फेटाळला होता आणि १४ ऑगस्ट २००४ ला तो कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात फासावर गेला. पुढे 'टर्निंग पॉइंट्स'मध्ये त्यांनी लिहिलं की, राष्ट्रपती भवनात पडून असलेले हे अर्ज अभ्यासले तेव्हा त्यांत सामाजिक आणि आर्थिक पक्षपात दिसला. विधी आयोगाने मतं मागवली तेव्हाही फाशी नको म्हणणाऱ्या थोडक्यांत ते होते. असा माणूस आणि असा कैदी एकाच दिवशी मातीआड जाणार. चौकटीत हे टाकू का, म्हणून विचारलं. "आज नको," साहेब म्हणाले. आज नको हे त्यांचं बरोबरच असावं. लोकांचा मूड त्यांना माझ्यापेक्षा कळतो.

राज्यपालांनीही अर्ज फेटाळला होता. राष्ट्रपतींकडे नवा अर्ज गेला होता. ती शेवटची खिडकी, असं आम्ही समजत होतो.

रात्री साडेआठ

अण्णा चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. मुद्रितशोधनात त्यांची हयात गेली. नागपूरला येण्याआधी ते मुंबईत, फोर्टात होते. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दीड वाजता त्यांनी डबा उघडला आणि शेअर बाजाराच्या इमारतीखाली पहिला स्फोट झाला. मग कथा बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचं सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचा प्लाझा. दोन-सव्वादोन तासांत बारा ठिकाणं, २५७ माणसं. त्या २५७ मध्ये अण्णांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. वरळीला बसची वाट पाहत उभा होता.

अण्णांना ठाऊक होतं की मी फाशीच्या विरोधात आहे. त्यावरून आमचं वर्षानुवर्षं चालायचं. त्या रात्री ते भांडले नाहीत. कपातला चहा ढवळत म्हणाले, "चौदा दिवसांचं काहीतरी म्हणतात ना ते वकील? अर्ज फेटाळल्यावर चौदा दिवस द्या म्हणून?"

"हो. शत्रुघ्न चौहान खटल्यात कोर्टानेच ठरवून दिलंय. मनाची तयारी करायला, घरच्यांना भेटायला."

"बरं आहे," अण्णा म्हणाले. "आमच्या पोराला बस आली की नाही तेही कळलं नाही."

याला उत्तर नाही. माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. फाशीला विरोध करणाऱ्याने पहिल्यांदा इथे गप्प बसायला शिकावं, असं मला वाटतं. मारणाऱ्याने वेळ कळवली नव्हती. पण सरकार वेळ कळवून मारतं, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे, हे त्यांना कसं सांगायचं? सांगितलं नाही.

रात्री पावणेअकरा

गोंदिया-गडचिरोलीची डाक आवृत्ती सुटून गेली होती. तिचा मथळा: 'राष्ट्रपतींच्या निर्णयाकडे लक्ष'. गाड्या निघाल्या आणि पट्टी आली. गृहमंत्री राजनाथ सिंह राष्ट्रपती भवनात जाऊन आले होते. प्रणव मुखर्जींनी दयेचा अर्ज फेटाळला.

शहर आवृत्तीला आता खरा मथळा मिळाला. तो मीच लावला, ७२ पॉइंटात, तीन शब्द: याकूबला आज फाशी.

आतला मजकूर तयारच होता. आठवडाभर तयार होता. याकूब मेमन, सनदी लेखापाल, फरार मुख्य आरोपी टायगर मेमनचा भाऊ. सीबीआय म्हणते ५ ऑगस्ट १९९४ ला नवी दिल्ली रेल्वे स्टेशनवर पकडला. तो म्हणतो, त्याच्या आठवडाभर आधी काठमांडूत मी स्वतःहून स्वाधीन झालो. टाडा न्यायालयाचे न्या. प्र. द. कोदे यांनी २७ जुलै २००७ ला फाशी सुनावली. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्याच निकालात बाकीच्या दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली. त्या दहांत प्रत्यक्ष बॉम्ब ठेवणारे होते. न्यायालयाच्या मते ते दुसऱ्यांच्या हातातली हत्यारं होते, आणि याकूब कट चालवणाऱ्यांपैकी. कायद्याच्या भाषेत हे पटतं. तरी ठेवणारे दहा जगणार, आणि पैशांचा-तिकिटांचा हिशोब पाहणारा जाणार, हे वाक्य मी जितक्या वेळा तपासलं तितक्या वेळा ते कुठेतरी अडकलं. 'रॉ'चे माजी अधिकारी बी. रामन यांचा जुना लेख त्याच आठवड्यात, ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, छापून आला होता. याकूबच्या सहभागाबद्दल त्यांना शंका नव्हती, पण तो ज्या परिस्थितीत परत आला ती पाहता फाशी देऊ नये, असं त्यांचं मत. आम्ही ते आतल्या पानावर, एका कॉलमात घेतलं.

रात्री साडेबारा

पान दोनचा प्रूफ आला. अण्णांनी राशिभविष्यावर बोट ठेवलं. खाली रोजची चौकट: 'आज वाढदिवस असलेल्यांसाठी'. येणारं वर्ष प्रगतीचं, प्रकृतीला जपा, रखडलेली कामं मार्गी लागतील.

याकूबचा जन्म ३० जुलै १९६२ चा. आज त्याला त्रेपन्न पूर्ण.

"काढायची?" अण्णांनी विचारलं.

खरं तर आज वाढदिवस असलेले नागपुरात हजारो असतील. त्यांनी काय पाप केलंय? चौकट ठेवली. अण्णांनी 'प्रकृती'तली वेलांटी दुरुस्त केली आणि पान सोडलं.

त्याच वेळी टीव्हीवर दिल्लीतल्या कृष्ण मेनन मार्गाचं दृश्य दिसू लागलं. प्रशांत भूषण, आनंद ग्रोवर, आणखी काही वकील सरन्यायाधीश दत्तू यांच्या घरी पोहोचले होते. मी आवाज बंदच ठेवला. रात्री साडेबाराला कुणी कोर्ट उघडतं का?

रात्री १.३५

पान एक सोडलं. प्लेट झाली. मशीन सुरू झालं की ऑफिसच्या फरशीला बारीक कंप सुटतो, तो तळव्यांना कळतो.

रात्री २.१०

कोर्ट उघडणार होतं. तेच तीन न्यायमूर्ती, कोर्ट क्रमांक चार, पहाटे तीननंतर. छपाईखान्यातून फोरमन वर आला. "मशीन थांबवू का चालू राहू देऊ जी? पंधरा हजार निघाले."

हा निर्णय त्या रात्री माझा होता. साहेब घरी गेले होते आणि फोन उचलत नव्हते. दोन वाटा होत्या. मथळा बदलून 'मध्यरात्री पुन्हा सुनावणी' असं काहीतरी सावध टाकायचं. म्हणजे नवी प्लेट, अर्धा तास, गाड्या उशिरा, सकाळी विक्रेत्यांच्या शिव्या. नाहीतर जे आहे ते चालू द्यायचं. मी मनात हिशोब केला: तेच तिघे, ज्यांनी दुपारी चारला नाही म्हटलंय. पहाटे हो म्हणतील?

"चालू राहू दे," मी म्हणालो.

रात्री पावणेतीन

काम संपलं तरी कुणी घरी गेलं नाही. तो तरुण उपसंपादक म्हणाला, "सर, एवढी रात्रीची सुनावणी म्हणजे आपली न्यायव्यवस्था ग्रेटच ना?" ग्रेट आहेच. एका दोषी ठरलेल्या माणसासाठी पहाटे तीनला दिवे लागतात, हे कमी देशांत होत असेल. पण मला त्या क्षणी हरबन्ससिंगचा खटला आठवत होता, आणि तो मी त्याला सांगितला.

उत्तर प्रदेशात चार माणसांचा खून झाला. तिघांना एकाच गुन्ह्यासाठी, एकाच निकालात फाशीची शिक्षा झाली. जीतासिंग, कश्मीरासिंग, हरबन्ससिंग. तिघे वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिघांना वेगवेगळी खंडपीठं मिळाली. जीताची याचिका फेटाळली गेली. कश्मीराची फाशी जन्मठेपेवर आली. हरबन्सची फेटाळली गेली. फाशीची तारीख ठरली ६ ऑक्टोबर १९८१. हरबन्सने ऐनवेळी पुन्हा अर्ज केला, त्यात कश्मीराचं उदाहरण दिलं आणि त्याला स्थगिती मिळाली. जीताने असा अर्ज केलाच नव्हता. ठरल्या दिवशी त्याला फाशी दिली. पुढच्या फेब्रुवारीत सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हरबन्सचं प्रकरण फेरविचारासाठी राष्ट्रपतींकडे पाठवलं, आणि जीताच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल खंत नोंदवली. खंत नोंदवली गेली तेव्हा जीता चार महिन्यांपूर्वीच संपला होता.

"म्हणजे चूक झाली?" तरुणाने विचारलं.

"चूकही नाही म्हणता येत. तिघेही दोषीच होते. फक्त एकाचं घड्याळ कुणी थांबवलं नाही."

अण्णा ऐकत होते. म्हणाले, "त्या चौघांच्या घरच्यांची नावं पाठ आहेत का तुला?"

नव्हती.

पहाटे ३.२०

सुनावणी सुरू झाली. कॅमेरा तेव्हा आत नसे, त्यामुळे टीव्हीवर सर्वोच्च न्यायालयाचं अंधारातलं फाटक आणि वार्ताहरांचे फोन. आनंद ग्रोवर चौदा दिवसांवर बोलत होते. ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी म्हणत होते की अर्ज एकदा २०१४ मध्येच फेटाळला गेला आहे, आता दर वेळी नवा अर्ज करून वॉरंट टाळत राहता येणार नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पावणेचारच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मी टेबलाची कड घट्ट धरली आहे आणि मनात एकच चाललंय: फेटाळा. फेटाळून टाका एकदाचं. कारण गाड्या निघाल्या होत्या. इतवारी, सदर, धरमपेठ, सक्करदऱ्याच्या विक्रेत्यांपर्यंत गठ्ठे पोहोचत होते आणि त्या प्रत्येक अंकावर ७२ पॉइंटात माझा मथळा होता. स्थगिती आली तर सकाळी अख्खं नागपूर ती चूक हातात धरून चहा पिणार, आणि साहेब विचारणार, दोनला मशीन का थांबवलं नाही?

वीस वर्षं मी फाशीच्या विरोधात बोलत आलो. लेख लिहिले, मित्र दुखावले, अण्णांसारख्या माणसाशी वाद घातला. आणि एक माणूस जगण्याची शक्यता समोर आली तेव्हा ती मला गैरसोयीची वाटली. याकूबशी माझं वैर नव्हतं. बारा मार्चचा रागही त्या क्षणी मनात नव्हता. तो राग असता तर निदान त्याला काही नाव देता आलं असतं. नुसतं आधी लावलेल्या मथळ्याचं ओझं होतं.

मग मला बाकीचे दिसू लागले. दोर मापून ठेवणारे. नियमाप्रमाणे वाळूचं पोतं लटकवून फळी तपासणारे. वजन घेणारा डॉक्टर, हजर राहणारे दंडाधिकारी, बंदोबस्तावर लावलेले शेकडो पोलीस, शववाहिकेचा चालक. यांतला कुणी दुष्ट नाही. प्रत्येकाने आपापलं काम वेळेवर पुरं केलेलं. आणि काम पुरं झालं की ते फुकट जाऊ नये असं माणसाला वाटतंच. सातची वेळ एकदा कागदावर लिहिली की इतकी माणसं तिच्याकडे झुकतात, की ती थांबवायला न्यायाधीशाला केवळ कायदा वाचून भागत नाही, त्या सगळ्या झुकलेल्या भाराच्या विरुद्ध उभं राहावं लागतं. मंगळवारी एकटे कुरियन जोसेफ उभे राहिले होते. (२०१८ मध्ये निवृत्त होता होता त्यांनी एका निकालपत्रात लिहिलं की फाशीच्या शिक्षेचाच फेरविचार करायची वेळ आली आहे. तेव्हाही बाकावरच्या उरलेल्या दोघांना ते पटलं नव्हतं.)

पहाटे ४.५५

फेटाळली. न्यायमूर्तींनी आदेश भर कोर्टात सांगितला: कैद्याला पुरेशी संधी मिळाली आहे, आता वॉरंट थांबवणं हीच न्यायाची थट्टा ठरेल.

मी श्वास सोडला. तो सुटकेचा होता. लाज मागाहून, जिना उतरताना आली.

सकाळी सहा

वर्धा रोडवर अजनीच्या अलीकडेच अडथळे लावलेले. जेलच्या परिसरात जमावबंदी. ओबी व्हॅनची रांग. रस्ता ओला. याकूबचा भाऊ सुलेमान नागपुरातच होता. तो या क्षणी काय करत असेल, हा विचार मी मुद्दाम बाजूला सारला.

कसाबच्या वेळी येरवड्यात झालं ते कुणाला आधी कळलं नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१२, सकाळी साडेसातला फाशी, मग बातमी. अफजल गुरूच्या घरच्यांनाही आधी कळलं नाही. त्या गुपचूप प्रकाराला मी तेव्हा नावं ठेवली होती. इथे सगळं उघड होतं, आणि शंभर माणसं मनगटावरच्या घड्याळात पाहत उभी होती, त्यांत मीही. दोन्हींतलं बरं कुठलं ते मला ठरवता आलं नाही.

सकाळी सात

सातला फोन वाजायला लागले. झालं होतं.

कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्यांच्या गाडीवर एका वार्ताहराने मला ओढत नेलं. गाडीवाल्याने कालच्याच पेपरात पोहे बांधून दिले आणि आजचा मला दाखवत म्हणाला, "तुमचाच पेपर ना भाऊ? बरोब्बर आली न तुमची बातमी. बाकीच्यांनी सुनावणी-सुनावणी काय काय छापलं."

मी पैसे दिले.

संध्याकाळी सात

याकूबचं पार्थिव विमानाने मुंबईला गेलं. माहीमपासून मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानापर्यंत हजारो लोक जमले होते. रामेश्वरमलाही गर्दी होती, पंतप्रधान हजर होते. या फाशीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या उपनिबंधकपदाचा अनुप सुरेंद्रनाथ यांनी राजीनामा दिल्याची एक छोटी बातमी पुढे तारेवर येणार होती. महिन्याभराने, ३१ ऑगस्टला, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगाचा अहवाल येणार होता: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून फाशी रद्द करा. म्हणजे याकूबला तोही अहवाल लागू झाला नसता.

साहेबांनी पाठीवर थाप मारली. मशीन न थांबवल्याबद्दल.

अण्णा उशिरा आले. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, "सकाळी हिला उठवून सांगितलं. म्हटलं, झालं गं, दिली."

"काय म्हणाल्या वहिनी?"

अण्णांनी चष्मा पुसला, प्रूफांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"म्हणाली, बरं. आणि मग विचारलं, टायगर सापडला का?"